फ्रेंच क्रियापदरूपं कुठे तोडायची? सुरुवात 'पार्लऱ्यों'पासून

अनुनासिक

फ्रेंच क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण एखादं रूप तोडायला घेतलं की उत्तरं जुळत नाहीत. 'पार्ले' (बोलणे) या क्रियापदाचं 'आम्ही'चं संकेतार्थी रूप घ्या: नू पार्लऱ्यों. स्पेलिंग पी ए आर एल ई आर आय ओ एन एस. व्याकरणात याचे चार तुकडे दाखवतात: 'पी ए आर एल', 'ई आर', 'आय', 'ओ एन एस'. उच्चार ऐकला तर तीन तुकडे: पार-ल-ऱ्यों. आणि छापील मजकुरात ओळीच्या शेवटी हाच शब्द 'पी ए आर' नंतर मोडलेला दिसतो, म्हणजे धातूच्या मधोमध.

प्रश्न असे:
१. यातलं बरोबर कोणतं?
२. 'इल पार्ल' (ते बोलतात) या रूपाच्या शेवटी ई-एन-टी लिहितात. त्याचा सिलॅबल (एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा) मोजायचा की नाही? दोन्ही उत्तरं मिळाली.
३. ओळ मोडण्याचे नियम कोणते?

उच्चार देवनागरीत लिहिलाय. 'ए' म्हणजे बंद ए, 'ॅ' म्हणजे उघडा. अनुस्वार हा फक्त स्वर नाकातून काढण्यासाठी, त्यात 'न' नाही. 'यु' म्हणजे ओठ गोल करून म्हटलेली ई. शब्दाच्या शेवटी 'अ' नाही. स्पेलिंग सांगायचं तिथे रोमन अक्षरांची नावं दिली आहेत.

---

धातुरूप

तिन्ही बरोबर आहेत, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. रूप कशाचं बनलं हा एक प्रश्न, तोंडातून किती झटक्यांत बाहेर पडतं हा दुसरा, आणि कागदावर कुठे मोडता येतं हा तिसरा. फ्रेंचमध्ये या तिघांच्या सीमा क्वचितच एका जागी येतात. कारण साधं आहे: बहुतेक धातू व्यंजनांत संपतात आणि बहुतेक प्रत्यय स्वराने सुरू होतात. धातूचं शेवटचं व्यंजन बोलताना पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. 'पार्ल + ओं' असं बनलेलं रूप 'पार-लों' असं ऐकू येतं, म्हणजे 'ल' धातूचा असूनही सिलॅबल प्रत्ययाचा.

रचनेची तोड आधी घेतो, कारण ती नियमित आहे. डावीकडून उजवीकडे चार घरं समजा: धातू, भविष्याचा 'आर', भूतकाळाची खूण, पुरुष-वचन. प्रत्येक रूपात चारही घरं भरलेली नसतात.

वर्तमानकाळ: धातू + पुरुष. पार्ल + ओं.
अँपार्फॅ (अपूर्ण भूतकाळ): धातू + भूतखूण + पुरुष. भूतखूण 'मी, तू, तो, ते' या चार रूपांत ए-आय अशी लिहितात आणि 'ॅ' अशी म्हणतात. 'आम्ही' आणि 'तुम्ही' मध्ये तीच खूण नुसती 'आय' होते.
भविष्यकाळ: धातू + ई-आर + पुरुष. खूण ई-आर ही '-एर' गटासाठी (मूळ रूप ई-आर मध्ये संपणारी क्रियापदं), बाकीच्यांत नुसता आर.
संकेतार्थ: धातू + ई-आर + भूतखूण + पुरुष. म्हणजे भविष्याचं खोड आणि अँपार्फॅचं शेपूट. वेगळा तक्ता पाठ करायची गरजच नाही.

भविष्यकाळाची पुरुषखूण ही 'आव्वार' (असणे, जवळ असणे) या क्रियापदाच्या वर्तमानकाळासारखी का दिसते, हे इथे समजतं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये मूळ रूपाला 'हाबेओ' जोडून भविष्य सांगायचे: 'कांतारे हाबेओ'. ते दोन शब्द एकमेकांत विरघळून फ्रेंच भविष्यकाळ झाला. म्हणून त्यात मूळ रूपाचा आर शाबूत आहे आणि शेवटी ए, आ, आ, ओं, ए, ओं ही 'आव्वार'ची शेपटं आहेत.

धातू काढायचा कसा, इथे लोक चुकतात. मूळ रूपातून ई-आर काढून टाकणं फक्त '-एर' गटाला पुरतं. बाकीच्यांना तीन ठिकाणांहून धातू घ्यावा लागतो:

- अँपार्फॅसाठी वर्तमानकाळाच्या 'आम्ही' रूपातून ओ-एन-एस काढा. नू ब्युव्हों (आम्ही पितो), म्हणून धातू 'ब्युव्ह'. अपवाद एकच: 'ॅत्र' (असणे), त्याचा धातू 'एत'.
- स्युब्जोंक्तिफसाठी (इच्छा, शंका, गरज दाखवणारं रूप) 'ते' रूपातून ई-एन-टी काढा. इल ब्वाव्ह, म्हणून धातू 'ब्वाव्ह'. पण 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन रूपांत बहुधा पुन्हा 'ब्युव्ह' येतो: क नू ब्युव्ह्यों. काही थोडी क्रियापदं (असणे, जाणे, करणे, जाणणे, शकणे वगैरे) स्वतःचा धातू आणतात, ती पाठच करावी लागतात.
- भविष्य आणि संकेतार्थाचं खोड नेहमी आर मध्ये संपतं आणि एका क्रियापदाला एकच असतं. 'येणे'चं व्यँद्र, 'हवे असणे'चं व्हूद्र, 'जाणे'चं इर.

दुसऱ्या गटात (फिनीर, म्हणजे संपवणे) धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये आय-एस-एस हा जोड येतो: फिन + इस + ओं. सिलॅबल मात्र फि-नि-सों. इथे तर दोन्हींपैकी एकही रचनेची सीमा सिलॅबलच्या सीमेवर पडत नाही.

---

स्वरभार

उच्चाराच्या बाजूने भर घालतो. प्रश्न २ सुद्धा त्यातच सुटेल.

मूळ नियम: दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराचं. दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे (पार-ले). पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व्ह यांपैकी असेल तर जोडी फुटत नाही, पुढे जाते: मों-त्रे (दाखवणे), सां-ब्ले (वाटणे). 'त-ल' आणि 'द-ल' या जोड्या यात धरायच्या नाहीत. सी-एच आणि जी-एन ही अक्षरं दोन असली तरी ध्वनी एकच, त्यामुळे मार-शे, गा-न्ये.

आता मुका ई, म्हणजे जो उच्चारला तर 'अ' होतो आणि बऱ्याचदा गळतो. मराठी बोलणाऱ्याला हे परकं नाही: 'करतो' लिहिताना र पूर्ण आहे, म्हणताना 'कर्-तो'. फ्रेंचमध्ये हा 'अ' कधी गळतो याला बऱ्यापैकी पक्का हिशोब आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामों यांचा 'तीन व्यंजनांचा नियम' इथे कामाला येतो: 'अ' गळाल्यामुळे तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर तो टिकतो, नाहीतर जातो.

ज दॉनरे (मी देईन): 'अ'च्या आधी एकच न. गळतो. दॉन-रे, दोन सिलॅबल.
ज पार्लरे (मी बोलेन): आधी र आणि ल, नंतर र. टिकतो. पार-ल-रे, तीन.
ज मोंत्ररे (मी दाखवेन): आधी त-र. टिकतो. मों-त्र-रे, तीन.

तिन्ही क्रियापदं एकाच गटातली, लिहिताना तिन्हींचे तीन तुकडे, पण बोलताना पहिलं वेगळं पडतं. विद्यार्थी 'दॉ-न-रे' असं तीन झटक्यांत म्हणतात. ते चूक नाही, पण संथ वाचन वाटतं. उलट 'पार्ल्रे' असं दोन झटक्यांत म्हणायला गेलात तर जीभ अडखळते, आणि फ्रेंच माणूसही ते म्हणत नाही.

आणि तुमचं 'पार्लऱ्यों': इथे 'अ' टिकायला दुसरं, जास्त कडक कारण आहे. पुढे 'ऱ्य' (र + य) आला की आधीचा 'अ' गळतच नाही. म्हणून 'शांतरे' (मी गाईन) मध्ये तो जातो, शांत-रे. पण 'नू शांतऱ्यों' मध्ये राहतो, शां-त-ऱ्यों. एकाच क्रियापदाच्या भविष्यात दोन सिलॅबल आणि संकेतार्थाच्या 'आम्ही' रूपात तीन. हे कानाने पकडलं की दोन काळ गोंधळत नाहीत.

याच्याच शेजारचा नियम: आय-ओ-एन-एस हे शेपूट साधारणपणे 'यों' असा एकच सिलॅबल देतं. पण आधी न फुटणारी जोडी असेल (त्र, द्र, ब्ल, प्ल…) तर 'य'च्या आधी पूर्ण 'इ' उभी राहते आणि सिलॅबल वाढतो.

नू पार्ल्यों (आम्ही बोलत होतो): पार-ल्यों, दोन. इथे र-ल ही न फुटणारी जोडी नाही, ती फुटली.
नू मोंत्रियों (आम्ही दाखवत होतो): मों-त्रि-यों, तीन.
नू व्यँद्रियों (आम्ही आलो असतो / येऊ): व्यँ-द्रि-यों, तीन.

हेच धातूच्या आतही घडतं. 'ल्ये' (बांधणे) एक सिलॅबल, 'प्लि-ये' (घडी घालणे) दोन, 'क्रि-ये' (ओरडणे) दोन. स्पेलिंगचं शेपूट तिघांचं सारखंच, आय-ई-आर. अपवाद लक्षात ठेवा: 'वा' आणि 'युइ' या जोडस्वरांना ही अट लागत नाही. क्र्वार (विश्वास ठेवणे) एकच सिलॅबल, दे-त्र्युइर (नष्ट करणे) दोनच.

प्रश्न २: ई-एन-टी हे 'ते'चं शेपूट असेल तेव्हा बोलीत काहीच नाही, ना 'आं', ना 'एंट'. इल पार्ल, एक सिलॅबल क्रियापदाचा. मी, तू, तो, ते ही चारही रूपं कानाला एकच. नामात किंवा विशेषणात मात्र तीच तीन अक्षरं 'आं' होतात. 'कूव्हां' (मठ) दोन सिलॅबल आणि 'कूव्ह' (अंडी उबवतात) एक, स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं. वाचताना आधी कर्ता शोधा, मग तोंड उघडा.

फ्रान्सच्या दक्षिणेत, तुलूझ-मार्सेय पट्ट्यात, शेवटचा 'अ' पुष्कळदा ऐकू येतो: पार-ल. वर दिलेले आकडे उत्तरेकडच्या प्रमाण उच्चाराचे आहेत.

---

जुळारी

प्रश्न ३. ओळ मोडणं हे लेखी सिलॅबलवर चालतं, आणि लेखी सिलॅबल म्हणजे मुका ई जिवंत धरून केलेली तोड. नियम उच्चाराच्या नियमांसारखेच, पण अक्षरांवर लावायचे. फरक असे:

व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर मधून मोडतात. 'दॉने' मध्ये एन दोनदा: पहिला ओळीच्या शेवटी, दुसरा पुढच्या ओळीत. उच्चारात न एकच आहे, त्याचा इथे संबंध नाही. 'त्राव्हाये' (काम करणे) मध्ये दोन एल मिळून 'य' होतो, तरी मोड दोन एलच्या मधेच.

दोन स्वराक्षरांच्या मध्ये मोडत नाहीत. त्यामुळे 'क्रेए' (निर्माण करणे) म्हणताना दोन सिलॅबल असले तरी कागदावर ते मोडताच येत नाही.

दोन स्वरांमध्ये आलेल्या एक्स किंवा वायच्या ना आधी मोडायचं, ना नंतर. 'ताक्से' (कर लावणे) अखंड ठेवा. 'एसेये' (प्रयत्न करणे) फक्त दोन एसच्या मध्ये मोडतं. 'ॅग्झिस्ते' (अस्तित्वात असणे) फक्त एस आणि टीच्या मध्ये. एक्सच्या पुढे व्यंजन असेल तर प्रश्न नाही: 'ॅक्स्प्लिके' (समजावणे) एक्सनंतर खुशाल मोडा.

अपॉस्ट्रॉफीनंतर मोड नाही. 'झॅम' (मला आवडतं) हे जे, अपॉस्ट्रॉफी आणि पुढचं सगळं मिळून एकच ठोकळा.

उलट्या प्रश्नार्थी रूपात (पार्ल, मग टी, मग इल, मध्ये दोन जोडरेषा) टीच्या आधीच्या जोडरेषेवर ओळ संपवा. टी मागे राहिला तर तो क्रियापदाचं शेपूट वाटतो, आणि तो क्रियापदाचा नाहीच.

ओळीच्या शेवटी एकटं अक्षर सोडू नका, पुढच्या ओळीत तीनपेक्षा कमी अक्षरं ढकलू नका. आणि चांगल्या छपाईत मुका सिलॅबल एकटा पुढे नेत नाहीत. 'इल पार्ल' मधला आरनंतरचा तुकडा (एल ई एन टी) अक्षरं चार असली तरी उच्चारात नाहीच, म्हणून तो शब्द शक्यतो अखंड ठेवतात. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात मोडलेला दिसेल, पुस्तकात टाळा.

संगणकावर काम असेल तर मजकुराची भाषा फ्रेंच अशी निवडलेली आहे ना, ते आधी बघा. ती इंग्रजी राहिली तर आपोआप मोडणारी यंत्रणा इंग्रजीचे नियम लावते, आणि इंग्रजीत प्रत्यय वेगळा काढून मोडण्याकडे कल असतो. मग 'पी ए आर एल' नंतर मोड पडते. रचनेच्या दृष्टीने ती बरोबर दिसते, म्हणून तपासनिसाच्या नजरेतूनही सुटते. फ्रेंच वाचकाला ती लगेच खुपते. वेबपानावर प्रत्येक फ्रेंच परिच्छेदाला भाषेची खूण लावा. एखादाच शब्द हट्टी असेल तर हव्या त्या जागी सॉफ्ट हायफन (ओळ तिथे मोडली तरच दिसणारी जोडरेषा) घाला.

---

अनुनासिक

खूपच स्पष्ट झालं. दोन उपप्रश्न. 'आप्ले' (हाक मारणे) मध्ये मध्येच एल दोनदा होतो, 'लव्हे' (उचलणे) मध्ये होत नाही पण ई वर तिरकी खूण येते, 'सेदे' (नमते घेणे) मध्ये खूण दिशा बदलते. याचा सिलॅबलशी संबंध आहे का? आणि गाण्यात 'इल पार्ल'चे दोन सूर ऐकू येतात, ते का?

---

धातुरूप

संबंध आहे. लेखी सिलॅबल समजून घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

वर्तमानकाळाच्या सहा रूपांपैकी चारांत (मी, तू, तो, ते) भार धातूवर पडतो, दोनांत (आम्ही, तुम्ही) प्रत्ययावर. भार नसलेल्या जागी ई हा 'अ' होऊन निभावतो: नू लव्हों. भार आला की तो 'अ' राहू शकत नाही, उघडा 'ॅ' होतो: ज लॅव्ह. उच्चारातला बदल इतकाच. आता तो लिहायचा कसा?

फ्रेंच लेखनाचा नियम: ई लेखी सिलॅबलच्या शेवटी आला तर त्यावर खूण हवी, नाहीतर तो मुका वाचला जातो. ई नंतर त्याच सिलॅबलमध्ये व्यंजन असेल तर खूण चालत नाही, आणि गरजही नाही. शब्दाच्या अगदी शेवटचा एस तेवढा यात मोजत नाहीत. 'लॅव्ह' लेखी तोडलं तर 'एल ई' आणि 'व्ही ई'. पहिला ई सिलॅबलच्या शेवटी आहे, म्हणून डावीकडून खाली उतरणारी खूण (अक्सां ग्राव) द्यावीच लागते. 'आपॅल' मध्ये दुसरी वाट घेतली: एल दोनदा लिहिला. आता तोड 'ए पी', 'पी ई एल', 'एल ई'. मधला ई बंद सिलॅबलमध्ये गेला, खूण नको. 'झते' (फेकणे) मध्ये टी दोनदा, कारण तेच. म्हणजे दोन्ही युक्त्या एकाच आवाजासाठी आहेत, आणि दोन्ही एकदम कधीच येत नाहीत. खूणही दिली आणि व्यंजनही दोनदा लिहिलं, ही वहीत सर्रास दिसणारी चूक याच एका नियमाने संपते.

एक्सच्या आधीच्या ई वर खूण का नसते, तेही यातूनच कळतं. एक्स म्हणजे दोन व्यंजनध्वनी, त्यातला पहिला ई ला बंद करतो.

कोणत्या क्रियापदाला कोणती युक्ती, हे पूर्वी एकेक पाठ करावं लागे. १९९० च्या शुद्धलेखन-सुधारणांनी (६ डिसेंबर १९९० च्या शासकीय पत्रात प्रसिद्ध) ते सोपं केलं: 'आप्ले', 'झते' आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं यांतच व्यंजन दोनदा, बाकी ई-एल-ई-आर आणि ई-टी-ई-आर गटात खूण. जुनी रूपंही चूक धरली जात नाहीत. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा, एवढंच पथ्य.

'सेदे' मध्ये धातूचा स्वर मुळातच बंद ए आहे, उजवीकडे चढणारी खूण (अक्सां एग्यु). नू से-दों, सिलॅबल उघडा, ए बंद. ज सॅद, सिलॅबल बंद, स्वर उघडा, म्हणून खुणेची दिशा फिरते. भविष्यकाळात पूर्वी चढणारी खूणच ठेवत, पण 'अ' गळाल्यामुळे उच्चार 'सॅद-रे' असाच होतो. १९९० पासून तिथेही उतरणारी खूण मान्य आहे, आणि ती कानाशी जुळते.

'अ' आणि 'ॅ' चा हाच खेळ 'प्रांद्र' (घेणे) मध्ये बघा: इल प्रां (तो), नू प्रनों (आम्ही), इल प्रॅन (ते). एकवचनात एन नाकात विरतो. अनेकवचनात त्याच्यापुढे स्वराक्षर येतं, मग तो पूर्ण न होतो आणि स्वराची नासिक्यता जाते. 'ते'च्या रूपातला मुका ई-एन-टी स्वतः ऐकू येत नाही, पण आधीच्या व्यंजनाला तो जिवंत ठेवतो. इल पार / इल पार्त (निघणे), इल व्ही / इल व्हीव्ह (जगणे), इल फिनी / इल फिनिस: तो आणि ते यांतला फरक त्या शेवटच्या व्यंजनावरच टिकतो. म्हणून '-एर' सोडून बाकी गटांत 'ते'चं शेवटचं व्यंजन ठणठणीत म्हणा.

आणि एक उच्चार जपा: 'फॅर' (करणे) चं 'आम्ही' रूप. लिहिताना एफ-ए-आय, पण म्हणताना 'फ-झों'. 'फॅ-झों' नाही.

---

लघुगुरू

पद्य आणि गाण्याचं सांगते. अभिजात फ्रेंच पद्यात मुका ई व्यंजनाआधी मोजतात, स्वराआधी गाळतात, ओळीच्या शेवटी मोजत नाहीत. 'पार्ल' (तो बोलतो) पुढे व्यंजन आलं तर दोन, स्वर आला तर एक. पण 'ते'च्या रूपात शेवटी एन-टी आहे, तो गळण्याला आडवा येतो. त्यामुळे 'ते बोलतात' पुढे स्वर असला तरी दोनच, आणि टी पुढच्या स्वराला जोडला जातो: पार-ल-ता… गाण्यात दोन सूर येतात ते या परंपरेने.

अपवाद महत्त्वाचा: अँपार्फॅ आणि संकेतार्थाचं ए-आय-ई-एन-टी हे शेपूट पद्यातही एकच सिलॅबल. 'इल पार्लॅ' (ते बोलत होते) पार-लॅ, दोन, तीन कधीच नाही. 'असणे' आणि 'जवळ असणे' यांची स्युब्जोंक्तिफमधली 'ते' रूपं, 'स्वा' आणि 'ॅ', यांनाही हीच सवलत.

आय-ओ-एन-एस बद्दल स्वरभार यांनी सांगितलेलं पद्यातही लागू, पण एक भेद वाढतो: 'आय' धातूचा आहे की शेपटाचा, हे बघतात. 'एत्युद्ये' (अभ्यास करणे) चा आय धातूचा आहे. बोलीत 'नू ए-त्यु-द्यों' तीन, पद्यात परंपरेने 'ए-त्यु-दि-ओं' चार. 'नू पार्ल्यों' मधला आय शेपटाचा, तो पद्यातही दोनातच बसतो. म्हणजे बाराच्या ओळीत सिलॅबल मोजायलाही धातुरूप यांची चार घरं लागतात.

शब्दाच्या सीमेबाहेर जाऊन मोजायचं असेल तर जोडउच्चारही धरा. 'इल ॅम' (तो प्रेम करतो) इ-लॅम. 'ते'चं रूप इल-झॅम. संख्या तीच, पण एकवचन-अनेकवचन ठरतं ते फक्त त्या 'झ' वरून. आज्ञार्थात 'वा' (जा) ला एस नाही, पण पुढे 'इ' (तिथे) आला की एस परत येतो: वा-झी. '-एर' गटातही तेच, 'आं' (त्याबद्दल) पुढे आला की: पार्ल-झां.

---

अनुनासिक

तिन्ही तोडी तीन रूपांवर करून बघितल्या, कृपया तपासा.

(क) व्हू व्यँद्रिये (तुम्ही आला असता / याल). रचना: व्यँद्र + आय + ई-झेड. उच्चार: व्यँ-द्रि-ये, तीन. कागद: एननंतर, आणि दुसरी मोड आयनंतर.
(ख) नू कूर-ऱ्यों (आम्ही धावलो असतो / धावू), आर दोनदा. रचना: कूर + आर + आय + ओ-एन-एस. उच्चार: दॉने सारखाच, दोनदा लिहिलेलं व्यंजन एकच म्हणायचं, म्हणून कू-ऱ्यों.
(ग) नू एत्युदियों (आम्ही अभ्यास करत होतो), आय दोनदा. रचना: एत्युदि + आय + ओ-एन-एस.

---

स्वरभार

(क) रचना आणि उच्चार बरोबर. कागदावर एकच मोड, एननंतर. आयनंतर मोडलं तर दोन स्वराक्षरं वेगळी होतात, शिवाय पुढे दोनच अक्षरं जातात. जुळारी यांचे दोन नियम एकदम मोडतात.

(ख) रचना बरोबर, उच्चार नाही. दोनदा लिहिलेलं व्यंजन एकदाच म्हणतात हे सर्वसाधारण खरं, पण 'कूरीर' (धावणे) आणि 'मूरीर' (मरणे) यांच्या भविष्य आणि संकेतार्थात दोन्ही आर म्हणतात, कारण त्यातला एक धातूचा आणि एक काळाचा. ज कू-रॅ (मी धावत होतो) आणि ज कूर-रॅ (मी धावलो असतो) यांत दुसरा काही फरकच नाही. म्हणून कूर-ऱ्यों, आर लांबवून. 'पूव्वार' (शकणे) आणि 'व्वार' (पाहणे) यांच्या भविष्यातही आर दोनदा लिहितात, पण तिथे एकच म्हणायचा: पू-रे, व्हॅ-रे. तिथे त्या रूपाशी गोंधळेल असा दुसरा काळ समोर नाही.

(ग) बरोबर. उच्चार ए-त्यु-दि-यों, 'इ' स्पष्ट आणि 'य' थोडा लांब. वर्तमानकाळाच्या ए-त्यु-द्यों पासून तो एवढ्यावरूनच वेगळा कळतो. घाईच्या बोलण्यात तोही फरक पुसट होतो, पण लिहिताना दुसरा आय कधीच गाळायचा नाही. याच क्रियापदाच्या भविष्यात उलटी चूक होते: ए-त्यु-दि-रे म्हणताना ई ऐकू येत नाही, म्हणून लोक तो लिहीतच नाहीत. चार घरं मांडून बघा, 'एत्युदि' नंतर ई-आर येतोच. कागदावर मोडायचंच झालं तर दोन्ही रूपांत यूनंतर मोडा. अँपार्फॅमध्ये ती एकच जागा आहे. भविष्यात ईनंतरही मोडता येतं, कारण पुढे आर-ए-आय ही तीन अक्षरं उरतात.